गाडीच्या गिअरबॉक्सचे तेल: घरी बदलावे की मेकॅनिककडे द्यावे?



गेल्या वर्षभरात आपल्या मंडळींत हा वाद निदान पाच वेळा आमच्या कानांवर आला. गाडी सर्व्हिसला नेली की मेकॅनिक म्हणतो, "ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल बदलायला झालंय, ५०० डॉलर होतील." घरी आल्यावर मुलगा म्हणतो, "डॅडी, ५०० कशाला? मी ड्राइव्हवेत शंभरात करून देतो." आणि गाडी विकताना सेल्समनने सांगितलेले असते की हे तेल गाडीच्या आयुष्यभराचे आहे, त्याला हात लावायचाच नाही. तिघांची तीन तोंडे, आणि वयस्कर माणूस मध्ये बसून विचार करतो की आता ऐकायचे कोणाचे?

आम्ही पडलो निवृत्त नर्स. इंजेक्शनचे विचाराल तर सांगू, गाडीचे आम्हाला काय कळणार, असे कोणी म्हणेल. पण आमच्या घरात तीस वर्षे गाड्या सांभाळल्या, त्यांच्या पुस्तिका चष्मा लावून वाचल्या, गॅरेजमध्ये उभे राहून प्रश्न विचारले आणि नातवासाठी टॉर्च धरला. शिवाय रंग, वास, माप आणि तापमान या चार गोष्टी पाहण्यात आमची सगळी नोकरी गेली. गिअरबॉक्सच्या तेलाची परीक्षाही याच चार गोष्टींवर होते. म्हणून जे कळले ते लिहितो.

विषय वाटतो तितका किरकोळ नाही. मुंबईत गाडी म्हणजे चैन होती. लोकल होती, बेस्टची बस होती, आणि नाहीतर दोन पाय होते. इथल्या उपनगरात बस तासाला एक, काही ठिकाणी रविवारी तीही नाही. गाडी बंद पडली की डॉक्टर, बाजार, सिनेगॉग, नातवंडे सगळेच दूर जाते. जुन्या गाडीचा गिअरबॉक्स गेला तर तो दुरुस्त करायला हजारो डॉलर लागतात, पुष्कळदा गाडीच्या किमतीपेक्षा जास्त. आमच्या ओळखीच्या एक बाई, वय ७९, प्रकृती ठणठणीत, नजर चांगली. गिअरबॉक्स गेला तेव्हा म्हणाल्या, "आता या वयात नवीन गाडी काय घ्यायची?" गाडी भंगारात दिली, पाठोपाठ लायसन्सही परत केले. आता दाताच्या डॉक्टरकडे जायचे तरी मुलीच्या सुट्टीची वाट पाहतात. त्यांच्या गाडीचे तेल चौदा वर्षांत एकदाही बदललेले नव्हते. तेलामुळेच गेला असे कोणी छातीठोक सांगू शकत नाही, पण चौदा वर्षे म्हणजे चौदा वर्षे.

तेलाची पारख तर आपल्या रक्तात असायला हवी. कोकणात आपल्या पूर्वजांना लोक 'शनिवार तेली' म्हणत. गावोगाव घाणे चालवायचे, आणि शनिवारी घाणा बंद. मुलांनो, घाणा म्हणजे तेल काढायचे लाकडी यंत्र, त्याला बैल जुंपायचे. घाण्यावरच्या माणसाला ताजे तेल कोणते आणि खवट कोणते हे नाकाने कळायचे, बाटलीवरचे लेबल वाचावे लागत नसे.

आता हे तेल गाडीत करते काय, ते आधी पाहू. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीत (त्या बिचाऱ्या ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून कायमच्या गेल्या) ड्रायव्हर डाव्या पायाने क्लच दाबायचा आणि स्टिअरिंगजवळचा दांडा ओढून गिअर टाकायचा. इथे बहुतेकांच्या गाड्या ऑटोमॅटिक. होल्डनमध्ये पहिल्यांदा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मिळाला तो १९६१च्या ईके मॉडेलमध्ये. या गाड्यांत क्लचचा पायडल नाही, मग इंजिनची ताकद चाकांकडे जाते कशी?

मुलांनो, टेबलावर दोन पंखे समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. वाऱ्याने दुसराही हळूहळू फिरायला लागतो, मध्ये दांडा नाही की पट्टा नाही. गाडीत हेच होते, फक्त वाऱ्याऐवजी तेल. तेलाने भरलेल्या एका गोल डब्यात दोन पंखे असतात, एक इंजिन फिरवते आणि त्याने फेकलेल्या तेलाने दुसरा फिरतो. या डब्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. म्हणूनच लाल सिग्नलला इंजिन चालू राहून गाडी उभी राहू शकते. त्याच्या पुढे दातेरी चक्रे आणि पातळ चकत्यांचे गठ्ठे असतात. कोणता गिअर हवा त्याप्रमाणे तेलाचा दाब एकेक गठ्ठा घट्ट आवळतो किंवा सोडतो.

म्हणजे या एका तेलाला किती कामे! दाब द्यायचा, वंगण करायचे, उष्णता वाहून न्यायची, आणि चकत्यांना पकडही द्यायची. निसरडेही हवे आणि पकडही हवी. सुनेने आणि सासूने दोघींनी एकदम खूश राहावे असा हा प्रकार. त्यासाठी तेलात नाना प्रकारची रसायने घातलेली असतात. उष्णतेने आणि वयाने ती रसायने संपतात, तेल काळपट पडते, चकत्या घसरू लागतात, घसरल्या की आणखी तापतात, आणि तापल्या की तेल आणखी खराब होते.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि ती आपल्या ऑस्ट्रेलियातलीच आहे. पूर्वी या तेलात स्पर्म जातीच्या देवमाशाचे तेल मिसळत. ते उष्णतेने लवकर बिघडत नसे आणि चकत्यांना हवी तशी पकड देई. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात आल्बनी गावाजवळ चेन्स बीच कंपनीचे देवमासे कापण्याचे ठाणे होते, शेवटच्या वर्षांत तिथे मुख्यतः स्पर्म देवमासेच मारत. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेने हे तेल बंद केले, आणि तेल बनवणाऱ्या कंपन्यांना त्याच्या जागी प्रयोगशाळेत दुसरे काही शोधावे लागले. आल्बनीचे ठाणे नोव्हेंबर १९७८मध्ये बंद झाले. देवमासेमारीचे ते ऑस्ट्रेलियातले शेवटचे ठाणे. आता तिथे संग्रहालय आहे. नातवंडांना घेऊन पर्थकडे गेलात तर वेळ काढून जरूर बघा.

बरं, पुन्हा गाडीकडे येऊ. सेल्समनचे 'आयुष्यभराचे तेल' खरे का? इंजिनात पेट्रोल जळते, त्याची काजळी इंजिन ऑइलमध्ये येते, म्हणून ते वरचेवर बदलावे लागते. गिअरबॉक्समध्ये काही जळत नाही, तेव्हा तिथले तेल जास्त टिकते हे खरे. पण जास्त म्हणजे कायमचे नव्हे. फोर्ड फाल्कनच्या २००५ नंतरच्या काही मॉडेलांत जर्मनीच्या झेडएफ कंपनीचा सहा गिअरचा गिअरबॉक्स आहे. पुष्कळ गाडीवाले म्हणत की त्याला तेल बदलायची गरज नाही, आणि खुद्द तो बनवणारी झेडएफ कंपनी मात्र ८० हजार ते एक लाख २० हजार किलोमीटरमध्ये किंवा आठ वर्षांत बदला म्हणते. आम्हाला विचाराल तर ज्याने बनवले त्याचे ऐकावे. विकणाऱ्याच्या दृष्टीने गाडीचे आयुष्य वॉरंटी संपेपर्यंत असते, आपल्या दृष्टीने ते आपण चालवू तोवर असते.

शिवाय पुस्तिकेत एक बारीक अक्षरांतला भाग असतो: गाडी कडक वापरात असेल तर तेल लवकर बदला. कॅरव्हॅन ओढणे, ब्लू माउंटन्ससारखा चढ नेहमी चढणे, ट्रॅफिकमध्ये तासन्‌तास सरकत राहणे हे सगळे कडक वापरात धरतात. आणि ऊन! ४ जानेवारी २०२०ला पेनरिथला ४८.९ अंश तापमान झाले होते. अशा दिवशी आपण घरात पडदे ओढून बसतो, गिअरबॉक्सला ती सोय नाही.

पहिली गोष्ट म्हणजे आपल्या गाडीत हे तेल तपासता येते का ते पुस्तिकेत बघा. जुन्या बहुतेक गाड्यांत इंजिन ऑइलच्या पट्टीशिवाय दुसरी एक पट्टी असते, ती गिअरबॉक्सची डिपस्टिक. ती पाहायला मेकॅनिकही लागत नाही आणि गाडीखाली शिरावेही लागत नाही. सपाट जागा, गाडी थोडी फिरवून आणून गरम केलेली, हँडब्रेक ओढलेला. साधारणपणे इंजिन चालू ठेवून आणि दांडा 'पी'वर ठेवून पट्टी पाहतात. पण होंडाच्या गाड्यांत इंजिन बंद करून लगेच पाहायचे असते. म्हणून पुस्तिका, पुस्तिका आणि पुस्तिका.

पट्टी बाहेर काढून पांढऱ्या टिश्यूवर टेकवा. नवे तेल बहुधा लालभडक असते, इंजिन ऑइलपासून वेगळे ओळखता यावे म्हणून त्यात रंग घालतात. विटकरी, तांबूस-तपकिरी म्हणजे वय झाले, बदलायची वेळ आली. काळे आणि जळका वास म्हणजे चकत्या घासल्या गेल्यात, नुसते तेल बदलून भागेलच असे नाही. आणि स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखे गुलाबी-दुधट दिसले तर रेडिएटरमधले पाणी तेलात शिरले आहे. मग गाडी चालवायचीच नाही, टो ट्रक बोलवायचा. वॉर्डात रात्रपाळीला युरीन बॅगचा रंग बघून आम्ही डॉक्टरला फोन करायचा की नाही ते ठरवायचो, त्यातलाच हा प्रकार.

नव्या अनेक गाड्यांत ही पट्टीच नाही. टोयोटाच्या पुष्कळ गाड्या, बहुतेक युरोपियन गाड्या, त्यांचा गिअरबॉक्स बंद असतो. तेलाची पातळी बघायची तर गाडी चारही बाजूंनी समांतर उचलायची, इंजिन चालू करायचे, तेलाचे तापमान यंत्राने मोजायचे आणि ठरलेल्या तापमानाला खालचे बूच उघडून थेंब-थेंब तेल येते का ते पाहायचे. तेल तापले की फुगते, थंड झाले की आक्रसते, म्हणून दहा अंशांनीही फरक पडतो. असल्या गाडीचे काम घरी करू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. हाताला कला असेल तरीसुद्धा. ते चालत्या इंजिनाखाली पडून करायचे काम आहे.

आता तेल कोणते. आमच्या मते सगळ्यात जास्त गाड्या इथे मरतात. दुकानात सगळ्या बाटल्यांतले तेल लालच दिसते, आणि काहींवर 'सर्व गाड्यांसाठी' असेही लिहिलेले असते. पण रक्तही सगळ्यांचे लालच असते, म्हणून कोणाचेही कोणाला चढवतो का? वॉर्डात बाटली लावण्याआधी दोन नर्सनी गट, नाव आणि नंबर मोठ्याने वाचून पडताळायचा नियम होता, एकटीने कधीच नाही. टोयोटाच्या जुन्या गाड्यांना टी-फोर, नव्यांना डब्ल्यूएस, होंडाला डीडब्ल्यू-वन, अशी प्रत्येकाची नावे ठरलेली आहेत. सीव्हीटी नावाचा गिअरबॉक्स असेल, निस्सान, सुबारू, होंडा, मित्सुबिशीच्या अनेक गाड्यांत तो असतो, तर त्याचे तेल पूर्णच वेगळे. त्यात चकत्यांऐवजी पोलादी पट्टा किंवा साखळी दोन चाकांच्या मध्ये आवळलेली असते आणि तिची पकड त्या खास तेलावर अवलंबून असते. त्यात साधे लाल तेल घातले तर गिअरबॉक्सची वाट लागते. पुस्तिकेतले नाव कागदावर लिहून घ्या, बाटलीवरचे नाव मोठ्याने वाचा, दुसऱ्याला ऐकवा.

आणखी एक गैरसमज. खालचे बूच काढले की सगळे जुने तेल बाहेर येते असे लोकांना वाटते. तसे होत नाही. त्या गोल डब्यात, नळ्यांत आणि कूलरमध्ये पुष्कळ तेल अडकून राहते. साधारण तिसरा हिस्सा ते अर्धे एवढेच बाहेर पडते. मुलांनो, तुम्हाला गणित: गिअरबॉक्समध्ये एकूण ८ लिटर तेल आहे, एका वेळी ४ लिटर बाहेर येते आणि ४ लिटर नवे घालतो. तीन वेळा केल्यावर नवे तेल किती टक्के? (पहिल्यांदा ५०, दुसऱ्यांदा ७५, तिसऱ्यांदा साडेसत्त्याऐंशी.) म्हणून काही जण मध्ये काही आठवडे गाडी चालवून दोन-तीनदा बदलतात. काही गॅरेजमध्ये मशिन लावून दाबाने सगळे तेल एकदम बदलतात, त्याला फ्लश म्हणतात. दोन लाख किलोमीटर झालेल्या आणि कधीच तेल न बदललेल्या गाडीला एकदम मशिन लावू नये, कारण आतला साचलेला गाळ सुटून बारीक वाटांत अडकतो, असे बरेच जुने मेकॅनिक म्हणतात. आम्हाला ते पटते. उपाशी माणसाला आपण एकदम पंगतीला बसवत नाही, आधी पेज देतो.

आमच्या नातवाची २००४ची कोरोला आहे, डिपस्टिकवाली. तिचे तेल त्याने घरी बदलले तेव्हा आम्ही खुर्ची टाकून शेजारी होतो. खालचे बूच सोडायला त्याने पाना लावला तसे आम्ही विचारले, "अरे, नवीन तेल कुठून घालणार?"

"आजी, डिपस्टिकच्या नळीतूनच, नरसाळ्याने."

"ती नळी मोकळी आहे, नरसाळं बसतं, बघितलंस?"

"बघितलं, आजी."

हे विचारायचे कारण आहे. ज्या गाडीत तेल घालायचे बूच वेगळे असते, तिथे ते आधी सैल करून पाहायचे आणि मगच खालचे काढायचे. नाहीतर सगळे तेल घमेल्यात, वरचे बूच गंजून घट्ट बसलेले आणि गाडी जागची हलेना! तेल कोमट असताना काढले, कढत नाही. गाडी लांब फिरवून आणलेली असेल तर या तेलाने चांगलाच भाजतो हात. निघाले ते त्याने मापाच्या भांड्यात मोजले, तीन लिटरच्या आसपास भरले, तेवढेच नवे घातले, मग गाडी गरम करून पट्टी पाहिली. वॉर्डात आम्ही इन्टेक-आउटपुटचा तक्ता भरायचो तसे त्याला वहीत लिहायला लावले: तारीख, किलोमीटर, किती निघाले, किती घातले. जास्त घातले तर फेस येतो, कमी घातले तर चकत्या घसरतात, दोन्ही वाईट. बुचाच्या लोहचुंबकाला राखाडी लोण्यासारखा बारीक लगदा लागलेला होता. तेवढा चालतो. धातूचे तुकडे, खपल्या दिसल्या असत्या तर काळजी. तेल, नवा वॉशर आणि हातमोजे मिळून ९० डॉलरच्या आत काम झाले, शिवाय मुलगा गाडी शिकला.

तो बावीस वर्षांचा आहे, हे मात्र लक्षात ठेवा. आपल्या मंडळींतले एक काका, वय ७६, मुंबईत रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते, हात सोन्याचे. त्यांनी गाडी जॅकवर चढवली, खाली दोन विटा सरकवल्या आणि चटई पसरून आत शिरायच्या बेतात होते. काकूंनी आम्हाला फोन केला. आम्ही काकांना एवढेच विचारले, "रक्त पातळ करायची गोळी घेता ना? आणि बीपीची?" दोन्ही चालू होत्या. रक्त पातळ असलेल्या माणसाला पत्र्याची धार लागली तर रक्त लवकर थांबत नाही, डोक्याला मार लागला तर आत रक्तस्राव होऊ शकतो. बीपीच्या गोळ्या घेणारा माणूस अर्धा तास आडवा पडून झटकन उठला की घेरी येते. आणि वीट! वीट दाबाखाली एका क्षणात फुटते, आधी वाकत नाही, इशारा देत नाही.

ऑस्ट्रेलियाचे ग्राहक खाते, ज्याला इथे सगळे एसीसीसी म्हणतात, वर्षानुवर्षे सांगत आहे की घरी गाडीखाली काम करताना गाडी अंगावर येऊन माणसे मरतात, आणि त्यांत बहुतेक पुरुष असतात. जॅक हा गाडी उचलण्यासाठी असतो, उचलून धरण्यासाठी नाही. खाली स्टँड हवेत, प्रत्येकावर किती वजन चालते ते लिहिलेले असते. जमीन सपाट आणि पक्की हवी. सिडनीतल्या आपल्या अर्ध्या ड्राइव्हवे उताराच्या आहेत, तिथे हा उद्योग नाहीच. चाकांना अडण्या लावायच्या, आणि घरात कोणी नसताना काम करायचे नाही. काकांनी शेवटी ऐकले. आता भाचा गाडीखाली असतो आणि काका खुर्चीवर बसून हुकूम सोडतात, आवाज रस्त्यापर्यंत येतो.

म्हणून आमचे मत विचाराल तर असे: गाडी जुनी, डिपस्टिक आहे, घरात तरुण माणूस आहे, जागा सपाट आहे आणि स्टँड आहेत, तर खुशाल घरी करा. यातले एक जरी नसले तर मेकॅनिक. सीव्हीटी, बंद गिअरबॉक्स आणि वॉरंटीतली गाडी हे तिन्ही सरळ मेकॅनिककडे. पट्टी बघून रंग-वास ओळखणे मात्र सत्तरी-ऐंशीच्या बायकांनीसुद्धा स्वतः करावे, त्यासाठी कोणाची मिनतवारी नको.

मेकॅनिककडे जातानाही डोळे झाकून जायचे नाही. आम्ही चार ठिकाणी फोन केले, एकाच गाडीसाठी २८० पासून ६२० डॉलरपर्यंत भाव आले. स्वस्त ते वाईट किंवा महाग ते चांगले असे काही दिसले नाही. प्रश्न विचारल्यावर फरक कळला. ड्रेन अँड फिल करणार की मशिनने फ्लश? तेल कोणत्या नावाचे घालणार? फिल्टर असेल तर तो बदलणार का? पातळी तापमान मोजून बघणार का? एकाने "आम्ही सगळ्या गाड्यांना एकच चांगलं तेल घालतो" असे उत्तर दिले. आम्ही थँक्यू म्हणून फोन ठेवला. बिलावर तेलाचे नाव आणि लिटर लिहून मागा, नुसते 'ट्रान्समिशन सर्व्हिस' चालवून घेऊ नका. काम झाल्यावर जुने तेल दाखवा म्हणा. लाजायचे काय त्यात, गाडी आपली आहे.

"कंपनीच्या डीलरकडेच सर्व्हिस केली नाही तर वॉरंटी जाईल," हे वाक्य आपल्या वयाच्या लोकांना फार ऐकवतात. तसा कायदा नाही. योग्य शिकलेल्या मेकॅनिकने कंपनीच्या सूचनेप्रमाणे आणि योग्य तेल, योग्य भाग वापरून काम केले तर बाहेरच्या गॅरेजमध्ये करून घेतल्याने वॉरंटी जात नाही, असे एसीसीसी स्पष्ट सांगते. आणि १ जुलै २०२२ पासून इथे कायदाच झाला आहे की गाड्यांच्या कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती बाहेरच्या मेकॅनिकांनाही वाजवी किमतीत विकली पाहिजे. त्यामुळे कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यालाही आता आपल्या गाडीचे तेल आणि तापमान कंपनीच्या कागदावरून पाहता येते. न्यू साउथ वेल्समध्ये गॅरेजला परवाना लागतो, तो भिंतीवर आहे का ते बघून घ्या. काम बिघडवले तर फेअर ट्रेडिंगकडे तक्रार करता येते, त्यासाठी बिल जपून ठेवावे. आणि वर्षाची पिंक स्लिप मिळाली म्हणजे गिअरबॉक्सही तपासला असे समजू नका. तिथे ब्रेक, टायर, दिवे अशी सुरक्षेची तपासणी असते. तेल किती जुने आहे ते कोणी विचारत नाही.

राहिले जुन्या तेलाचे. गटारात, बागेत, कचऱ्याच्या डब्यात मुळीच नाही. रस्त्यावरच्या गटाराचे पाणी पुढे खाडीला आणि समुद्राला जाते, तिथेच आपली मुले पोहतात. २००१ पासून सरकारची वापरलेले तेल गोळा करून पुन्हा उपयोगात आणायची योजना आहे. न्यू साउथ वेल्समध्ये कम्युनिटी रिसायकलिंग सेंटरवर घरचे वापरलेले तेल फुकट घेतात, इतर राज्यांत कौन्सिलला फोन करून विचारा. घट्ट झाकणाच्या डब्यात न्या, वर नाव लिहा. कोकच्या किंवा सरबताच्या बाटलीत तर कधीच भरू नका. लाल तेल आणि सरबताची बाटली, लहान मुलाला काय कळणार? चुकून कोणी प्यायलेच तर उलटी करवायची नाही, कारण उलटीबरोबर तेल फुप्फुसात गेले तर जास्त धोका. तोंड पुसायचे, बाटली हाताशी ठेवायची आणि पॉइझन्स इन्फॉर्मेशन सेंटरला फोन करायचा, नंबर १३ ११ २६, ऑस्ट्रेलियात कुठूनही लागतो. मूल बेशुद्ध असेल किंवा श्वास लागला असेल तर सरळ तीन वेळा शून्य फिरवायचे. दोन्ही नंबर मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावून ठेवा.